अलास्काच्या क्रूझवर सूट घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता

वसंत ऋतू सुरू झाला की सिअ‍ॅटलच्या बंदरातून अलास्काकडे जाणाऱ्या जहाजांची वर्दळ सुरू होते आणि ती थेट ऑक्टोबरपर्यंत चालते. या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत, भारतातून आई-वडील उन्हाळ्यापुरते आले की त्यांना अलास्का दाखवायचे आणि तेही जहाजाने, हा जवळजवळ नेमच झाला आहे. जहाज ठरते, तारीख ठरते, आणि मग गाडी अडते ती खोलीपाशी. साधी बाल्कनीची खोली पुरेल, की आई-बाबा आयुष्यात एकदाच येणार म्हणून सूट, म्हणजे वरच्या श्रेणीची मोठी, महाग खोली घ्यावी? आणि सूट घ्यायचा तर यादीतल्या पाच-सहा प्रकारांपैकी कोणता? माझ्या ओळखीच्या अनेकांना या प्रश्नात मदत करताना आणि स्वतःच्या घरच्यांसाठी खोल्या निवडताना माझे जे मत बनले आहे, ते येथे सविस्तर मांडते.

सर्वांत आधी एक गोष्ट तपासावी. आपण जो सूट पाहत आहोत, त्यात केवळ मोठी खोली मिळते, की त्या खोलीच्या किल्लीने जहाजाचा एखादा राखीव भागही उघडतो? या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांच्या किमतींतही मोठा फरक असतो. प्रिन्सेस या क्रूझ कंपनीच्या जहाजांवरील मिनी-सूट ही बसण्यासाठी वेगळी जागा असलेली प्रशस्त खोली आहे, परंतु पूर्ण सूटच्या प्रवाशांना मिळणाऱ्या सवलती तिच्याबरोबर येत नाहीत. नॉर्वेजियन या दुसऱ्या कंपनीच्या क्लब बाल्कनी सूटचेही तसेच आहे. तेथे बटलर, म्हणजे खास दिमतीचा सेवक, मिळत नाही आणि ‘हेवन’ या राखीव भागात प्रवेशही मिळत नाही. हॉलंड अमेरिकेच्या जहाजांवर सिग्नेचर सूट आणि नेपच्यून सूट यादीत एकाखाली एक दिसतात, पण स्वतंत्र नेपच्यून लाउंज, तेथे मदतीला बसणारा कॉन्सिएर्ज आणि विनामूल्य कपडे धुऊन मिळण्याची सोय हे सर्व नेपच्यून सूटपासून सुरू होते. सात रात्रींच्या प्रवासात, पावसाळी हवेत, थरांवर थर चढवून हिंडणाऱ्या कुटुंबाला कपडे धुऊन मिळणे ही चैन नसून खरी सोय आहे, हे अलास्काला जाऊन आलेला कोणीही सांगेल.

रॉयल कॅरिबियनची रचना थोडी अधिक समजून घ्यावी लागते, कारण आपल्याकडची बरीच कुटुंबे याच कंपनीच्या क्वांटम वर्गातील, म्हणजे त्या एका आराखड्याच्या, जहाजांनी अलास्काला जातात. या कंपनीने 2016 मध्ये आपले सूट सी, स्काय आणि स्टार अशा तीन दर्जांत विभागले. ज्युनियर सूट हा सी दर्जात मोडतो. त्यात साध्या बाल्कनीच्या खोलीपेक्षा जागा जास्त असते, आणि क्वांटम किंवा ओएसिस वर्गाच्या जहाजांवर कोस्टल किचन या राखीव उपाहारगृहात रात्रीचे जेवण घेता येते. मात्र सूटच्या प्रवाशांसाठी असलेला स्वतंत्र लाउंज त्यात नाही. ग्रँड सूटपासून स्काय दर्जा सुरू होतो, आणि त्यात लाउंज, कॉन्सिएर्ज, कोस्टल किचनमध्ये तिन्ही वेळचे जेवण आणि इंटरनेट यांचा समावेश होतो. त्यावरचा स्टार दर्जा म्हणजे रॉयल लॉफ्ट सूटसारख्या सर्वांत मोठ्या सूटचा. त्यात पेये, विशेष उपाहारगृहे आणि कर्मचाऱ्यांची बक्षिसी धरूनच भाडे असते आणि ‘रॉयल जीनी’ म्हणून ओळखला जाणारा एक सेवक दिमतीला असतो.

आता यांतले आपल्या आई-वडिलांच्या उपयोगाचे किती? कोस्टल किचनची जेवणाची यादी छोटी आणि पाश्चात्त्य वळणाची असते. घरात शाकाहारी ज्येष्ठ मंडळी असतील, तर त्यांचे खरे समाधान मुख्य भोजनगृहातच होते, कारण तेथे भारतीय शाकाहारी पदार्थ मिळतात आणि पहिल्याच रात्री मुख्य वाढप्याशी बोलून ठेवले की पुढच्या दिवसांची व्यवस्था तो आपुलकीने करतो. म्हणून केवळ त्या उपाहारगृहासाठी ज्युनियर सूटचे जास्तीचे पैसे देण्यास माझा विरोध आहे. दोघांचेच जोडपे असेल, खोलीत बसून खिडकीबाहेर पाहत राहणे ज्यांना आवडते असे असेल, तर ज्युनियर सूट छान आहे. जागा आणि बाल्कनी दोन्ही मोठ्या मिळतात. चौघांच्या कुटुंबाने मात्र तो घेण्यापूर्वी पुढचे सर्व मुद्दे पाहावेत.

राखीव भागासाठीच पैसे मोजायचे असतील, तर अलास्काच्या बाबतीत माझे मत ‘हेवन’कडे झुकते. 2018 मध्ये आलेल्या नॉर्वेजियन ब्लिस या जहाजावर हेवनच्या प्रवाशांसाठी होरायझन लाउंज नावाची दोन मजली उंच काचेची जागा थेट जहाजाच्या तोंडाशी आहे. अलास्कात बहुतेक वेळ बाहेर गारठा आणि भुरभुर पाऊस असतो. बाल्कनी कितीही मोठी असली, तरी सत्तरीतली माणसे तेथे शाल पांघरून किती वेळ बसणार? समोरचा सगळा देखावा उबेत बसून, गर्दीविना पाहता येणे ही त्या हवेत फार मोलाची गोष्ट आहे. तरीही हे सांगितले पाहिजे की याच जहाजावर पुढच्या बाजूला एक विस्तीर्ण ऑब्झर्व्हेशन लाउंज सर्वांसाठी खुला आहे. तो भरलेला असतो, सकाळी लवकर जाऊन जागा धरावी लागते, परंतु देखावा तोच आहे. हिमनदीच्या दिवसाचेही तसेच. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठ्या प्रवासी जहाजांना प्रवेश मिळतो, आणि मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबून सावकाश वळते, जेणेकरून दोन्ही बाजूंच्या खोल्यांना तिचे दर्शन घडते. त्यामुळे ‘डावी बाजू घ्यावी की उजवी’ या चिंतेत फार वेळ घालवू नये. हिमकडा कोसळण्याचा गडगडाट ऐकायला तर उघड्या डेकवरच जावे, आणि तेथे सूटवाले व बिगरसूटवाले एकाच कठड्याला टेकून उभे असतात.

खोली जहाजात नेमकी कोठे आहे, या प्रश्नाला मी खोलीच्या आकारापेक्षा अधिक महत्त्व देते. सिअ‍ॅटलहून निघणारी बहुतेक जहाजे व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या प्रशांत महासागरातून उत्तरेला जातात. व्हँकूव्हरहून निघणारी जहाजे बेटांच्या आडोशाने, शांत पाण्यातून जातात. याचा अर्थ सिअ‍ॅटलहून निघाल्यावर सुरुवातीला आणि परतीला समुद्र चांगलाच खवळलेला असू शकतो. जहाज लाटांवर पुढे-मागे डोलते तेव्हा मध्यभाग कमीत कमी हलतो आणि टोके सर्वाधिक वर-खाली होतात. तसेच डावी-उजवीकडे झुकताना जितके उंच जावे तितका हेलकावा मोठा जाणवतो. महागडे सूट तर बहुधा वरच्या डेकवर आणि पुष्कळदा पुढच्या किंवा मागच्या टोकाला असतात. ज्यांना बोट लागते अशा माणसाला सर्वांत वरच्या डेकवरील, अगदी पुढचा प्रशस्त सूट देण्यापेक्षा मधल्या डेकवर, जहाजाच्या मध्याशी असलेली साधी खोली देणे हे अधिक प्रेमाचे ठरेल.

टोकाच्या खोल्यांना इतरही बाजू आहेत. मागच्या बाजूच्या बाल्कनीतून जहाजाने पाण्यात ओढलेली पांढरी रेघ दूरवर दिसते, दोन्ही किनारे एकदम नजरेत येतात आणि समोरून वारा लागत नाही. मला स्वतःला या खोल्या अत्यंत प्रिय आहेत. पण तेथे यंत्रांची थरथर जाणवू शकते. अगदी पुढच्या खोल्यांतून कप्तानाला दिसतो तोच देखावा दिसतो, मात्र रात्री पडदे बंद ठेवण्याची सूचना असते, कारण खोलीतल्या दिव्यांच्या उजेडाने ब्रिजवरील, म्हणजे जहाज हाकण्याच्या कक्षातील, अधिकाऱ्यांना अंधारातले नीट दिसत नाही. शिवाय अंतराचा विचार करावा. क्वांटम वर्गातील जहाज सुमारे 348 मीटर लांब आहे. टोकाच्या सूटपासून लिफ्टपर्यंत आणि लिफ्टपासून पुन्हा भोजनगृहापर्यंतची चाल, दिवसातून पाच-सहा वेळा, गुडघे दुखणाऱ्या माणसाला जड जाते. पहाटे पाचला उठून चहा शोधणारे वडील ज्या घरात आहेत, त्या घराने तर खोली ते बुफे हा रस्ता नकाशावर पाहूनच खोली निश्चित करावी, कारण पाणी उकळायची किटली बरोबर नेण्याची परवानगी बहुतेक जहाजांवर नसते. याच नकाशावर आपल्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे तेही पाहावे. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल, तर भल्या सकाळी खुर्च्या सरकवण्याचा आवाज सूटच्या छतातूनही तितकाच येतो. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील, तर झोप निर्धास्त.

आता न्हाणीघराविषयी, कारण हा मुद्दा जाहिरातीतल्या छायाचित्रांत कोठेच दिसत नाही. अनेक जहाजांवर साध्या बाल्कनीच्या खोलीत केवळ शॉवर असतो आणि वरच्या श्रेणीत गेल्यावर, म्हणजे ज्युनियर सूट किंवा मिनी-सूटमध्ये, बाथटब येतो व त्याच्यातच उभे राहून अंघोळ करावी लागते. जास्त पैसे देऊन आपण आईसाठी दीड-दोन फुटांची ओली, निसरडी भिंत विकत घेतो, आणि तीही हलत्या जहाजावर. संधिवात असलेल्या किंवा गुडघा बदललेल्या माणसासाठी हे सरळसरळ धोक्याचे आहे. अधिक मोठ्या सूटमध्ये टब आणि शॉवर वेगवेगळे असू शकतात. तसे असेल तर उत्तम. चाकाची खुर्ची वा काठी वापरणाऱ्यांसाठी प्रत्येक जहाजावर उंबरा नसलेल्या, आधाराच्या दांड्या बसवलेल्या न्हाणीघराच्या काही खोल्या राखीव असतात, आणि त्या सूटच्या श्रेणींतही असतात. त्या संख्येने थोड्या असल्याने लवकर संपतात; ज्यांना गरज आहे त्यांनी या खोल्यांची चौकशी सर्वांत आधी करावी.

चार किंवा पाच माणसांच्या कुटुंबाला एक मोठा सूट घ्यावा की दोन शेजारच्या खोल्या, यावर माझे उत्तर बहुतेक वेळा दोन खोल्या असेच असते. सूटच्या बाजूने एक हिशोब खरा आहे: खोलीचे भाडे पहिल्या दोन प्रवाशांवर पूर्ण दराने धरले जाते, आणि त्याच खोलीतील तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाचा दर सामान्यतः बराच कमी असतो. त्यामुळे ग्रँड सूटची रक्कम चौघांत विभागली की ती वाटते तितकी भयंकर राहत नाही. परंतु पुष्कळ सूटमध्ये पलंग आणि सोफा यांच्यामध्ये भिंत नसते. रात्री तो सोफा उघडून त्याचाच पलंग होतो. एका बाजूला सासू-सासरे, दुसऱ्या बाजूला मुलगा-सून, आणि सगळ्यांत मिळून एकच न्हाणीघर, अशी सात दिवसांची रचना कोणालाच मोकळेपणा देत नाही. याउलट मधल्या दाराने जोडलेल्या दोन बाल्कनीच्या खोल्या घेतल्या, तर दोन न्हाणीघरे मिळतात, रात्री दार लावून घेता येते, दिवसा उघडे ठेवता येते, आणि बऱ्याच जहाजांवर खोलीच्या सेवकाला सांगितले की दोन बाल्कन्यांमधील आडोसाही उघडून देतात. मग सकाळी सगळे घर एका लांब बाल्कनीत बसून चहा घेऊ शकते. मधले दार हवे असेल तर ते खोली घेतानाच मागावे लागते. नुसत्या शेजारच्या खोल्या म्हणजे जोडलेल्या खोल्या नव्हेत. आणि अनोळखी शेजार असेल, तर हेच दार आवाजाला वाट देते, म्हणून दोघांनीच जाणाऱ्यांनी जोडदाराची खोली टाळावी.

ज्यांचा प्रवास मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलियाच्या एम्प्रेस जहाजाने होणार आहे, त्यांच्यासाठी निकष थोडे बदलतात. हे जहाज 1990 मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने पाण्यात आले, आणि त्या काळच्या जहाजांवर बाल्कन्यांची रेलचेल नव्हती. तेथे आतली खोली, समुद्र दिसणारी खिडकीची खोली, मिनी सूट, सूट आणि चेअरमन्स सूट अशी चढती श्रेणी आहे. स्वतःची बाल्कनी हवी असेल, तर मिनी सूटपासून पुढेच पाहावे. उबदार हवेत गोव्याकडे जाताना संध्याकाळी बाल्कनीत बसणे अलास्कापेक्षा कितीतरी जास्त वेळ शक्य असते, त्यामुळे तेथे हा खर्च मला पटतो.

शेवटी बोलीविषयी. अनेक कंपन्या प्रवासाच्या काही आठवडे आधी पत्र पाठवून, ‘वरच्या श्रेणीसाठी तुम्ही किती जास्त द्याल’ असे विचारतात आणि बोली स्वीकारली गेली तर कमी रकमेत सूट मिळू शकतो. दोघेच जाणारे, धडधाकट, कोठेही झोप लागणारे असतील, तर त्यांनी जरूर बोली लावावी. मात्र बोली लावताना आपण श्रेणी निवडतो, विशिष्ट खोली नाही. ती मान्य झाली की नकाशा पाहून, लिफ्टजवळ, जहाजाच्या मध्याशी घेतलेली खोली आपल्या हातून जाते आणि मिळेल त्या टोकाला जावे लागते. दोन जोडलेल्या खोल्यांची नोंदणी वेगवेगळी असेल, तर एका खोलीची बोली मान्य होऊन दुसरीची न होणे हेही घडू शकते, आणि मग आई-बाबा एका डेकवर व आपण पाच डेक खाली अशी फाटाफूट होते. म्हणून ज्येष्ठांना घेऊन जाताना मी बोलीचे पत्र आले तरी त्याला उत्तर देत नाही. सूट हवाच असेल तर नोंदणी सुरू होताच, खोलीचा क्रमांक पाहून, तो थेट विकत घेते.