फाँफाँ आणि फ्रेंचच्या बाई

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर मला स्नेहसंमेलन आठवलं नाही, चित्रकलेच्या वर्गात पाहिलेला 'फाँफाँ ला त्युलिप' आठवला. संस्कृत सोडून फ्रेंच घेणारे आम्ही मोजकेच होतो, तेही मार्कांसाठी. पण सिनेमात तलवारबाजी आहे ही बातमी फुटली आणि खिडक्यांना काळे कागद लावायला संस्कृतवालेही आपणहून हजर झाले.

क्रिस्तियाँ-जाकचा हा कृष्णधवल चित्रपट १९५२ चा. त्याच वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. गोष्ट फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या काळातली. गावच्या पोरीबरोबर पकडला गेलेला फाँफाँ लग्न टाळायला सैन्यात भरती होतो. (हा भाग बाईंनी फार भरभर समजावला.) तुझं लग्न राजकन्येशी होणार, असं भविष्य त्याला आदलीननं सांगितलेलं असतं. ती जिप्सी बनून आलेली, प्रत्यक्षात भरती करणाऱ्या सार्जंटची मुलगी! पठ्ठ्या मात्र ते खरंच धरून चालतो. दरोडेखोरांच्या तावडीतून राजकन्येला आणि राजाची प्रेयसी मादाम द पोंपादूर हिला सोडवतो, पोंपादूर त्याला ट्युलिपचा दागिना देते आणि त्यावरून त्याचं नाव पडतं.

फाँफाँ झालेला जेरार फिलीप कौलांवरून धावत, हसत हसत तलवार चालवायचा आणि वर्ग डोक्यावर घ्यायचा. पण बाईंचा जीव होता निवेदकाच्या आवाजावर. रीळ बदलायला शिपाईमामांना वेळ लागे, तेवढ्यात त्या विचारायच्या, "आत्ता तो काय म्हणाला?" युद्ध ही राजेलोकांची करमणूक आणि तिच्यात रयतेलाही वाटा मिळतो, अशा अर्थाचं काहीतरी तो अगदी साळसूदपणे बोलून गेलेला असायचा. आम्ही हसायचो ते पुढचं रीळ लागल्यावर.

आँरी जाँसोंच्या त्या संवादांची धार मला फार नंतर कळली. चित्रपट आला तेव्हा फ्रान्सची फौज इंडोचायनात लढत होती. इकडे पडद्यावर आदलीनला शोधत भुयारातून निघालेले फाँफाँसह तिघे शत्रूच्या मुख्यालयातच पोचतात, सेनानींना पकडतात आणि लढाई लढण्याआधीच संपते. राजा आदलीनला दत्तक घेतो, म्हणजे भविष्यही खरं! इतकी सोयीची गोष्ट एरवी मला चालत नाही. इथे चालते, कारण चित्रपट स्वतःच तिला हसतो.

फिलीप १९५९ साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेला, हे बाईंनी त्या दिवशी सांगितलं नाही. बरंच केलं.

२००३ मध्ये हाच चित्रपट व्हँसाँ पेरेझ आणि पेनेलोपी क्रूझला घेऊन पुन्हा निघाला. मी अर्ध्यावर बंद केला आणि बाईंना फोन लावला. त्यांनी पूर्ण पाहिला होता.

"कसा वाटला, बाई?"

"उच्चार छान आहेत," त्या म्हणाल्या.