चिनी नाण्यांची मागची बाजू: माझा अनुभव

"छिंग राजवट. अस्सल. सामान्य." बीजिंगमधल्या एका नाणी-तपासणी केंद्रात फी भरून, आठवडेच्या आठवडे वाट पाहून हातात पडलेल्या चिठ्ठीवर एवढंच. अहो, छिंग राजवट १६४४ ते १९१२ चालली! त्यातला काळ नेमका कोणता, हेच तर विचारलं होतं. टांकसाळ कोणती म्हणालो, तर त्याची फी वेगळी. म्हटलं, राहू दे, आपलं आपण वाचू.

पुढची बाजू सोपी निघाली. चौकोनी भोकाभोवती चार अक्षरं, क्रम वर-खाली-उजवी-डावी. वरची आणि खालची मिळून सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव. चिनी यायला लागत नाही, तक्ता शेजारी ठेवून आकार जुळवायचे. पानच्यायुआनच्या जुन्या बाजारातून घेतलेल्या माझ्या माळेत बहुतेक चिएनलुंग (१७३६-१७९५), थोडी ताओक्वांग (१८२१-१८५०).

पण चिएनलुंग म्हणजे साठ वर्षं. टांकसाळ कळल्याशिवाय पुढे सरकता येईना, आणि ती मागच्या बाजूला मांचू लिपीत, म्हणजे छिंग राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या लिपीत. भोकाच्या डाव्या-उजव्या बाजूंना एकेक शब्द: उभ्या रेघा, दाते, गाठी. पहिल्यांदा पाहताना दोन्ही शब्द मला एकच वाटायचे. त्यात लोकांनी इंटरनेटवर टाकलेले फोटो हमखास उलटे. अशा संध्याकाळी त्या चिठ्ठीवाल्यांची आठवण यायची आणि डोकं फिरायचं.

सुटलं ते असं. बरीच नाणी ओळीने मांडली, तर एक शब्द सगळीकडे तोच दिसला. तो 'बो', म्हणजे नाण्याच्या पुढच्या बाजूवरच्या 'बाओ' (मौल्यवान, चलन) या चिनी अक्षराचं मांचू रूप, आणि त्याची जागा डावीकडे. तो उजवीकडे आला की नाणं फिरवा. मग उरतो उजवीकडचा शब्द, तीच टांकसाळ. बीजिंगमध्ये अशा दोन होत्या: महसूल खात्याची 'चिओवान' आणि बांधकाम खात्याची 'युवान'. दोन्हींचा शेवट सारखा, त्यामुळे सुरुवात पाहायची: 'युवान'मध्ये गाठीशेजारी एक टिंब असतं, 'चिओवान'मध्ये नसतं. झिजलेल्या नाण्यावर ते टिंब शोधायला भिंग आणि तिरपा उजेड हवाच. पहिलं 'युवान' सापडलं तेव्हा मी घरात मोठ्याने ओरडलो.

उजवीकडे उर्दूसारखी अक्षरं दिसली आणि धातू लालसर असला तर दचकू नका. ती चीनच्या पश्चिम टोकाच्या शिनजियांगकडची तांब्याची नाणी. तिथल्या आक्सू शहराची टांकसाळ १७६१ ची, म्हणजे चिएनलुंगची साठ वर्षं तिथेच निम्मी होतात. मात्र त्या भागात चिएनलुंगच्या नावाची नाणी तो गेल्यावरही पाडत, म्हणून काळाचं शेवटचं वर्ष मोकळंच ठेवा. कांग्शीच्या (१६६२-१७२२) प्रांतिक नाण्यांवर उजवीकडे चक्क चिनी अक्षर असतं, तिथे हा त्रास नाही.

हो, वजन राहिलंच. १७३४ मध्ये सरकारी वजन सुमारे ५.२ ग्रॅमवरून ४.५ वर आणलं, म्हणून युंगचंगची (१७२३-१७३५) नाणी तोलून पाहण्यात अर्थ आहे. त्यानंतरच्या काळात वजनावर भिस्त ठेवू नका, टांकसाळी हात आखडता घेत.

आणि कृपा करून चिंच, पितांबरी काही लावू नका. ही नाणी वाळूच्या साच्यात ओतून, मग चौकोनी सळईत ओवून कडेने कानशीने घासत. त्या घासल्याच्या बारीक खुणा कडेवर शोधायच्या असतात, आणि चकाकी आणायच्या नादात आधी त्याच जातात.