मे महिन्याच्या सहलीची आरडी जूनमध्येच का सुरू करायची

मे महिन्यात चौघांनी मुन्नारला जायचं आणि खर्च ६०,०००, असं धरू. बहुतेक जण १२ महिन्यांची आरडी (रिकरिंग डिपॉझिट, म्हणजे दर महिन्याला ठरावीक हप्ता भरायची ठेव) उघडतात आणि तिथेच फसतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. म्हणजे १५ मेच्या गाडीसाठी पैसे मार्चच्या मध्यातच हातात हवेत. जूनमध्ये सुरू केलेली वर्षाची आरडी मिळेल पुढच्या जूनमध्ये, तोवर शाळा सुरू!

म्हणून मुदत ९ महिन्यांची घ्या. ७ जूनला पहिला हप्ता, ७ मार्चला पैसे खात्यात. ६,७०० रुपये गुणिले ९ म्हणजे ६०,३००. व्याजदर ६ टक्के असेल तर वर साधारण १,५०० व्याज. व्याजासाठी हे करायचंच नाही. पैसे नजरेआड राहतात, हा खरा फायदा. पोस्टाची आरडी इथे कामाची नाही, तिची मुदत ५ वर्षांची असते.

हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची ठेवा. पगार ५ तारखेला आणि हप्ता १ तारखेला असेल, तर खात्यात शिल्लक नसल्याने हप्ता चुकतो, दंड बसतो.

मुदत संपली की रक्कम बचत खात्यात येते आणि किराणा, विजेचं बिल, मुलांची फी यांत विरघळते. ती त्याच दिवशी एटीएम कार्ड नसलेल्या दुसऱ्या खात्यात टाका. आणि अंदाज काढताना टॅक्सी, जेवण, चहापाणी रोजच्या हिशेबाने लिहा. ६०,००० चा आकडा चुकतो तो तिकिटांत नाही, इथेच.