जुन्या चर्चला पडवी काढताना

वसईतल्या जुन्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला, म्हणजे सामूहिक उपासनेला, माणसं मावत नाहीत, की पाळकीय परिषदेत (चर्चच्या सल्लागार मंडळात) पहिला प्रश्न येतो, किती चौरस फूट वाढवायचं? माझ्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, नवं बांधकाम जुन्या भिंतीला कुठे आणि कसं टेकणार? वाढीव बांधकामं बिघडतात ती बहुतेक याच सांध्यात.

तरी गरजेचा हिशेब आधी करावाच. बाकावर माणशी ५० सेंमी आणि एका बाकाच्या पाठीपासून पुढच्या बाकाच्या पाठीपर्यंत ९० सेंमी धरले, तर शंभर जणांना बाकांपुरते ४५ चौ.मी. लागतात, ये-जा करायची वाट धरून साधारण ६०. पण गर्दी फक्त सणाला, नाताळला आणि पवित्र आठवड्यात (ईस्टरच्या आधीच्या) होत असेल, तर अंगणातला मांडव पुरतो. वर्षाच्या चार दिवसांसाठी जुन्या भिंतीला हात लावू नये. शिवाय बाजूच्या पडवीतून वेदी दिसत नाही, ही गोष्ट नकाशावर कुणाच्या लक्षात येत नाही. उभं राहून डोळ्यांच्या उंचीवरून दोरी ताणून बघा.

पुढची पायरी पाया. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या धामधुमीनंतर इथली अनेक चर्चेस पुन्हा उभी राहिली किंवा डागडुजीतून सावरली. त्यामुळे एकाच इमारतीत वेदीकडची भिंत एका काळातली आणि दर्शनी भिंत दुसऱ्या काळातली असू शकते. लांब भिंतीच्या मध्यावर आणि दोन्ही कोपऱ्यांजवळ मीटरभर चौरस खड्डे घेऊन पायाचा तळ पाहावा, तेही पावसाळा उलटल्यावर. नवा पाया जुन्याच्या तळापेक्षा खोल गेला, की जुन्या दगडाखालची माती खणतीकडे सरकते आणि भिंतीला तिरपी भेग पडते. म्हणून नवे कॉलम जुन्या भिंतीपासून दीड मीटर लांब घ्यावेत आणि तिथून भिंतीपर्यंतचा भाग बीम पुढे काढून तोलावा. अंगणात जुन्या कबरी असतील तर त्या आधीच नकाशावर आणाव्यात. जेसीबी आल्यावर नव्हे.

मीटरभर जाडीची चुन्यातली दगडी भिंत आणि आरसीसीचा सांगाडा वेगवेगळे हलतात. त्यांना सळया मारून जखडू नका. मध्ये २५ ते ५० मिमी फट सोडा, ती दबणाऱ्या पट्टीने भरा आणि वरून धातूचा पत्रा झाका. पत्र्याची वरची कड चुन्याच्या दरजेत बसवायची, दगड कापून नव्हे. आणि ती नव्या छपराच्या वर किमान १५० मिमी उचललेली हवी.

आता पाणी. समजा जुन्या कौलारू छपराचा तीस बाय सात मीटरचा एक उतार पडवीवर येतो आणि पडवीचं छप्पर तीस बाय चार मीटरचं आहे. दोन्ही उतार मधल्या पन्हळीत उतरणार असतील तर एकूण ३३० चौ.मी. ताशी १०० मिमीच्या सरीत तासाला ३३ हजार लिटर पाणी एका पन्हळीत येतं. त्या तीव्रतेला १०० मिमीचा एक पाइप साधारण ८५ चौ.मी. सांभाळतो, म्हणजे चार पाइप लागतात. एक पानांनी तुंबणार हे गृहीत धरून पाच घाला. पन्हळीच्या टोकाला कडेपेक्षा खाली उघडं तोंड ठेवा, म्हणजे तुंबलेलं पाणी बाहेर पडेल, भिंतीत नाही. पन्हळ साफ करायला माणूस उभा राहील एवढी रुंद असावी. पण यापेक्षाही चांगलं म्हणजे पडवीचं छप्पर जुन्या वळचणीच्या खाली घेऊन बाहेरच्या बाजूला उतरवणं. मग मधली पन्हळच लागत नाही. वळचणीचं पाणी नव्या कौलांवर पडून अंगणात जातं. दरवाज्याची उंची आड आली नाही तर हाच मार्ग घ्यावा.

आत जायला नवी भगदाडं पाडू नयेत. बाजूचे दरवाजे असतातच. कमी पडले तर खिडकीखालची भिंत काढून तिचा दरवाजा करावा. वरची कमान तशीच राहते, भार जुन्याच वाटेने उतरतो. दोन खिडक्यांमधला खांब काढून रुंद कमान करायचा मोह आवरा. वरच्या छपराचा भार त्याच खांबावर असतो.

जोडाच्या भागात सिमेंटचा गिलावा मारला की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते. ती वर चढते, क्षार फुलतात, चुना सुटतो. मुरवलेला चुना आणि रेती १:३ घ्या आणि भिंत आधी भिजवा. अंगणात पेव्हर घालताना बाहेरची पातळी आतल्या फरशीपेक्षा किमान १५० मिमी खाली ठेवा. ती वर नेण्याची चूक इतकी सर्रास होते की ही अट ठेकेदाराशी करारातच लिहावी.

परवानग्यांत धर्मप्रांताची (बिशपांच्या कार्यालयाची) लेखी मान्यता सगळ्यात आधी. मग महापालिकेची बांधकाम परवानगी आणि वास्तू वारसा यादीत आहे का याची खात्री. वसई किल्ल्यासारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे. पुढचे २०० मीटर नियंत्रित आहेत, तिथे वेगळी परवानगी लागते. हे अंतर मोजल्याशिवाय आर्किटेक्टला आगाऊ रक्कम देऊ नका.

खणती नोव्हेंबरात धरली तर छप्पर मेच्या मध्यापर्यंत झाकता येतं. नाताळ आणि पवित्र आठवड्यात कामगार आत नसतील, हे वेळापत्रकात आधीच धरा.