वारं विकत घेताना

गॅरेज झाडायला ब्लोअर, म्हणजे नळीतनं जोरात वारं मारणारं यंत्र, घ्यायचा कुठला, त्याची ही गोष्ट. गॅरेजातला कचरा घरातल्या कचऱ्यासारखा नसतो. घरात काय, केस, भाकरीचा चुरा, कपड्यांचं सुटलेलं सूत. गॅरेजात मात्र बाहेरचं आख्खं गाव येऊन बसलेलं असतं. आमचं घर कोल्हापूरच्या नागाळा पार्कातलं, जुनं, पुढचा पोर्च वाढवून शटर ठोकलं आणि त्याला आम्ही गॅरेज म्हणतो, दहा बाय अठरा फूट, खाली कोबा, दारात गुलमोहर. गुलमोहर लांबनं बघायला भारी, मे महिन्यात लालभडक, जाणारे येणारे थांबून फोटो काढतात, पण त्याचा पाला ज्याला झाडायला लागतो त्यालाच कळतं. एकेक पातं बोटाच्या नखापेक्षा बारीक. शटरच्या चॅनेलमध्ये खाली अशी गच्च बसतात की खराट्याच्या काड्या तिथं घुसत नाहीत आणि केरसुणी वरच्यावर नुसती फिरून येते.

त्यात उसाचा हंगाम. गाळप चालू असताना कोल्हापूरच्या आसपास ज्यानं गच्चीवर पांढरे कपडे वाळत घातलेत त्याला काजळी म्हणजे काय ते सांगायला नको. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळालेल्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची ती राख, काळी, हलकी, पापुद्र्यासारखी, हातात धरली की चुरा. तिच्यावर झाडू मारला की उचलली तर जात नाहीच, वर कोब्यावर काळी रेघ ओढून जाते, पाणी मारलं तर काळं पाणी गाडीखाली जाऊन वाळतं, फडक्यानं पुसायला गेलं तर फडकंच कामातनं जातं. हिला न शिवता उचलायचं असेल तर वारंच पाहिजे, असं डोक्यात आलं आणि तिथनं हा ब्लोअरचा नाद लागला.

घरात विषय काढल्यावर आई म्हणाली, "खराट्याला काय धाड भरलीय?" बायको म्हणाली व्हॅक्यूम घे की मग, निदान कचरा पिशवीत तरी जाईल, ब्लोअरनं काय, इथला तिथं. (हे तिचं बरोबर आहे, त्यावर पुढं येतो.) मेव्हणा उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर असतो, त्याच्या जगात सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर, "भावा, कंप्रेसर बसव, एअरगननं फुस्स केलं की विषय संपला." आता कंप्रेसरची हवा सहा-आठ बारची असते हे खरं, पण ती येते सुईएवढ्या भोकातनं. लेथवरच्या तुकड्याच्या खाचेतला लोखंडाचा कीस काढायला झकास, पण एकशेऐंशी चौरस फूट कोबा तिनं साफ करायचा म्हणजे टाकी रिकामी, मोटर चालू, परत टाकी रिकामी, परत मोटर, आणि आपण तिथंच.

पैशाच्या हिशोबात बघितलं तर वायरवालाच ब्लोअर शहाणपणाचा, हे आधीच सांगून टाकतो. पाच-सहाशे वॅटचा, हजार-दोन हजारात येतो, बॅटरी मरायची भीती नाही. पण आमच्या गॅरेजात प्लग आहे तो मागच्या भिंतीला, मध्ये गाडी, वायर गाडीखालनं काढा, टायरला अडकली की सोडवा, मग एक्स्टेंशन बोर्ड कुठं ठेवलाय त्याच्यावर भांडण. असली वस्तू महिन्यातनं एकदा निघते. खिळ्याला टांगलेली, हात घातला की चालू होणारी वस्तूच रोज वापरात राहते. एवढ्याच एका कारणासाठी कॉर्डलेस, बाकी फायदे दुकानदार सांगतो ते त्याच्यापाशी.

मुळात हे यंत्र मोठमोठ्या लॉनवाल्या मुलखातलं. तिकडं वर्षानुवर्षं पेट्रोलचे ब्लोअर पाठीवर घेऊन फिरत होते, धूर आणि भणभणाट. कॅलिफोर्नियाच्या हवा-मंडळानं हिशोब मांडला की असा एक ब्लोअर तासभर चालवला तर जेवढं धुरकं करणारं प्रदूषण होतं तेवढं टोयोटा कॅमरी ११०० मैल चालवल्यावर होतं, म्हणजे आपण कोल्हापुरातनं निघून दिल्ली गाठायची. मग त्या राज्यानं २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२४ पासून नव्या बनावटीची असली बहुतेक छोटी पेट्रोल इंजिनं तिथं विकायला बंदी आली. बॅटरीवाल्या ब्लोअरना एवढा जोर चढलाय त्यात ह्याचाही वाटा आहे.

तर लक्ष्मीपुरीत दुकानात गेलो. दुकानदारानं सगळ्यात मोठा काढला, बॅटरी बसवली आणि मी नको म्हणायच्या आत ट्रिगर दाबला. भिंतीवरची कॅलेंडरं आडवी झाली, बिलबुकाची पानं फडफडली, देवाच्या फोटोखालची उदबत्तीची राख थेट समोरच्या गिऱ्हाईकाच्या पांढऱ्या शर्टावर. "बघा, नाद खुळा आहे का नाही!" दुकानदार म्हणाला. गिऱ्हाईक काहीच बोललं नाही, शर्ट झटकत होतं.

नाद खुळा होताच, प्रश्न एवढाच की एवढं वारं घेऊन मी करू काय? खोक्यावर दोन आकडे असतात, एक सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा जाते, आणि दुसरा वेग, ताशी मैल नाहीतर किलोमीटर. लोक मोठा आकडा बघतात आणि खूश होतात. पण दोन्हीची कामं वेगळी आहेत. वेग चिकटलेली वस्तू उखडतो, आणि हवेचा गठ्ठा, म्हणजे सीएफएम, ती पुढं ढकलत नेतो. मोठ्या लीफ ब्लोअरवर ४५० सीएफएम, ताशी १२५ मैल असलं काहीतरी असतं, म्हणजे साधारण २०० किलोमीटर, नळीचं तोंड सात सेंटिमीटर. आणि हातात मावणारा १८ व्होल्टचा छोटा ब्लोअर मिनिटाला फक्त दोन घनमीटर हवा टाकतो, पण ताशी २७० किलोमीटरनं, कारण त्याचं तोंड दहाच्या नाण्यापेक्षाही थोडं लहान. शटरच्या चॅनेलमधला पाला उखडायला हा छोटा भारी, आणि अंगणभर पडलेला बदामाचा पाचोळा हाकायला तो मोठा. आमच्याकडं बदाम नाही.

घरी येऊन कागदावर आकडेमोड केली. दहा बाय अठरा, उंची दहा, म्हणजे १८०० घनफूट. ४५० सीएफएमचा ब्लोअर आत चालवला तर चार मिनिटांत गॅरेजातल्या सगळ्या हवेएवढी हवा त्या नळीतनं जाते. मग धूळ खाली बसणार कधी? शटर उघडं असलं तरी मागच्या भिंतीवर आपटून वारं परत येतं आणि धूळ आपल्याच नाकात, गाडीच्या काचेवर, मांडणीवरच्या लोणच्याच्या बरण्यांवर. मोठे कण लगेच खाली पडतात, पण एखाद्या मायक्रॉनचा कण आत तासन्तास तरंगत राहतो आणि डोळ्याला दिसतच नाही. कोपऱ्यात सिमेंट-वाळूचा भुगा असेल तर त्यात सिलिका, ती फुप्फुसाला वाईट, म्हणून एन-९५ मास्क लावूनच हे काम करावं, रुमाल बांधून भागत नाही.

इथं मला आमचे थोरले चुलते आठवतात. कागलच्या बाजूला आमचं शेत, तिथं खळ्यावर वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर उभं राहून शाळू उफणायचे, वाऱ्यावर धरून दाणा आणि भुसकट वेगळं करायचे. खाली बायका सूप घेऊन, हे वर पाटी धरून. सगळा खेळ वाऱ्यावर. वारं पडलं की सगळे बसून राहायचे, हे समजण्यासारखं होतं, पण वारं जोरात आलं तरी चुलते पाटी खाली घ्यायचे ह्याचं मला लहानपणी नवल वाटायचं. आता वारं सुटलंय तर थांबता कशाला? तर म्हणायचे, "आरं, लई वाऱ्यात दाणं बी जात्यात भुसकटाबरोबर." दाणा पायाशी पडावा आणि भुसकट चार हात लांब जावं, एवढंच वारं पाहिजे, वर नको आणि खाली नको. ते वारं त्यांना विकत मिळत नव्हतं, त्याची वाट बघायला लागायची. आम्हाला विकत मिळतंय तर आम्ही सगळ्यात जोराचं मागतोय.

गॅरेजात हाच हिशोब लागतो. काजळी उडाली पाहिजे, पण मांडणीखाली पडलेला १० एमएमचा नट जागेवर राहिला पाहिजे. पाला बाहेर गेला पाहिजे, पण खिळ्यांची उघडी डबी कलंडता कामा नये. म्हणून सगळ्यात जास्त किती वारं मारतो ह्याच्यापेक्षा सगळ्यात कमी किती मारतो ते मी दुकानात बघायला लागलो. काही मॉडेलना नुसतं चालू-बंद बटण असतं, ती बाजूला. काहींना तीन स्पीड. आणि काहींना ट्रिगर असतो, जेवढा दाबाल तेवढं वारं, वर बोटापाशी लॉक. हा ट्रिगरवाला प्रकार मला पटला. हळू दाबून आधी काजळी शटरकडं सरकवायची, ती हलली की जरा जोर, मग चॅनेलवर बारीक तोंड लावून पूर्ण दाबायचं, तिथनं गुलमोहराचा पाला अशा झुबक्यानं बाहेर येतो की बघत राहावं.

व्होल्टच्या बाबतीत बाजारात लई गंमत आहे. एकावर १८ लिहिलंय, दुसऱ्यावर २०, आणि दुकानदार सांगतो २० वाला जोरदार. आत बघायला गेलं तर दोन्हीत लिथियमचे पाचच सेल ओळीत जोडलेले. एक सेल ३.६ व्होल्टचा, पाच पंचे १८. तोच फुल चार्ज झाल्या झाल्या चार-सव्वाचारपर्यंत जातो, तो आकडा धरला की २०-२१. माल तोच, मोजायची वेळ वेगळी. आणि एका स्वस्तातल्या बॅटरीवर तर ८८ व्हीएफ लिहिलेलं होतं. मी विचारलं हे व्हीएफ म्हणजे काय, तर दुकानातला पोरगा म्हणाला, "मॉडेल नंबर असंल की." आत सेल पाचच.

बघायचं असेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर बघावं, बॅटरीत एकूण किती वीज मावते ते त्यातनं कळतं. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर, म्हणजे ७२ वॅट-अवर. ब्लोअर पूर्ण जोरात ४०० वॅट खात असेल तर ७२ भागिले ४००, अकरा मिनिटांच्या आत खेळ खलास. २ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर पाच-साडेपाच मिनिटं. अकरा मिनिटं ऐकायला कमी वाटतात पण एका गाडीच्या गॅरेजला पुरून उरतात, शिवाय पूर्ण ट्रिगर कोण सारखा दाबतंय. ज्याला आख्खी सोसायटी झाडायचीय त्यानं कॉर्डलेसच्या वाटेला जाऊ नये.

आणि शेवटचं कलम, ज्यानं माझा निकाल लागला, ते म्हणजे बॅटरी एकाची दुसऱ्याला चालत नाही. बॉशची मकिताला नाही, मकिताची डिवॉल्टला नाही, सगळे १८-२० व्होल्टवालेच पण खाच वेगळी. आमच्याकडं पडदे लावताना घेतलेलं ड्रिल होतं, दोन बॅटऱ्या आणि चार्जरसकट. त्याच कंपनीचा नुसता ब्लोअर, बॅटरीशिवायचा, घेतला की निम्मा खर्च वाचतो. म्हणजे खरं तर पडदे लावले त्या दिवशीच ब्लोअर कुठला ते ठरलं होतं.

आवाजाचं राहिलंच. खोक्यावर डेसिबलचा आकडा असतो, तो बऱ्याचदा ५० फुटांवरनं मोजलेला. आमच्या शेजारच्या काकांची खिडकी आमच्या शटरपासून आठ फुटांवर. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल असा नियम आहे, काकांचा नियम त्याहून कडक, दुपारी दोन ते चार पानसुद्धा हलता कामा नये. त्यामुळं सकाळी नऊ वाजता, दूधवाले-शाळेच्या रिक्षा येऊन गेल्यावर.

कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी उभं राहून सगळा कार्यक्रम बघितला. त्या झाडायच्या आधी कोब्यावर हातानं पाणी शिंपडतात, धूळ उठू नये म्हणून, आणि मी तर धूळ उठवायलाच निघालेलो. पाला, काजळी शटरबाहेर गेली तेव्हा म्हणाल्या, "बरं हाय. आता बाहेरचं कोण भरणार?" बायकोनं माझ्याकडं बघितलं. तेव्हापासून रीत अशी पडली की वारं आतनं बाहेर मारायचं, पण रस्त्यावर नाही, फाटकाच्या आत कोपऱ्यात ढीग करायचा आणि सुपलीनं मीच भरायचा. पाला गुलमोहराच्याच आळ्यात जातो, काजळी पोत्यात.

पावसाळ्यात मात्र ह्या यंत्राचं काही चालत नाही. जून ते सप्टेंबर ओला पाला कोब्याला चिकटलेला असतो, वारं वरनं निघून जातं, तिथं खराटाच. आणि २०१९ ला, २०२१ ला पुरानं खालच्या अंगाच्या घरांत जो गाळ आणून टाकला त्याला फावडं आणि पाण्याचा पाइप, दुसरं काही नाही.

घरात सध्या वाद चालू आहे तो वेगळाच. केरसुणीची पूजा लक्ष्मीपूजनाला, हत्यारांची खंडेनवमीला, मग ब्लोअर कुठं बसवायचा? आईचं म्हणणं झाडतंय म्हणजे लक्ष्मी. मेव्हण्याचं म्हणणं मोटर आहे म्हणजे उद्यमनगरच्या रीतीनं हत्यार. आईनं शेवटी दोन्हीकडं हळदकुंकू लावायचं कबूल केलंय, पण बॅटरी काढून ठेवायच्या अटीवर.

गल्लीतल्या पोरांना मात्र त्याचा भलताच उपयोग सापडलाय. बुलेट धुतली की इंजिनाच्या फिन्समध्ये, स्पोकच्या मुळाशी पाणी राहतं, वाळलं की पांढरे डाग. ब्लोअर मारला की दोन मिनिटांत चकाचक, फडकं लावायला नको, ओरखडा नाही. रविवारी सकाळी फाटकाशी हाक येते, "दादा, जरा वारं द्या की!" देतो. फक्त बॅटरी आपापली आणा म्हणून सांगितलंय, आणि खाच बघून आणा.