डाळिंबाच्या सालीचा तोरा

डाळिंब सोललं की ताटात दाण्यांच्या बरोबरीने सालींचा ढीग साचतो. वजनाला लावा, फळाचा 40 ते 50 टक्के भाग साल आणि पापुद्र्यांचाच भरतो. सोलापूर-सांगोल्याकडचा भगवा हा वाण तर जाड सालीचा, म्हणून लांबच्या बाजारात टिकतो. या सालीच्या तुरटपणात, म्हणजे टॅनिनमध्ये, जिवाणूंना जेरीस आणायची ताकद आहे.

ही ताकद तपासायला अर्क काढायचा तर साल धुऊन, बारीक चिरून 40–45 अंशांवर कडकडीत वाळवायची. ओल राहिली की पूड डब्यातच बुरशी धरते. लोखंडी विळीही नको. टॅनिनला लोखंड लागलं की काळी शाई तयार. 10 ग्रॅम पूड 100 मिलिलिटर 70 टक्के इथेनॉलमध्ये दिवसभर हलवत ठेवायची, गाळायची आणि कमी दाबाखाली अल्कोहोल उडवून लावायचं. इथेच घाई नडते. अल्कोहोल मागे राहिलं तर जिवाणू त्यानेच मरतात आणि कौतुक होतं सालीचं! म्हणून पुढे चाचणीच्या बशीत अर्काशेजारी आणखी एका खळग्यात नुसतं द्रावक घालतात.

बशीतल्या आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, जिवाणू पसरायचे, 6 मिलिमीटरचा खळगा पाडून त्यात अर्क सोडायचा, बशी रात्रभर 37 अंशांवर. सकाळी वाढलेल्या जिवाणूंच्या धुरकट थरात खळग्याभोवती, वाढ रोखली गेली तिथे, स्वच्छ गोल उमटलेला असतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या बशीत तो बहुधा ऐसपैस, इ. कोलाय आणि साल्मोनेलाच्या बशीत आखडता. या दोघांना बाहेरून एक जादा पटल असतं. पण नुसता गोल मोजून निकाल देऊ नये. प्युनिकॅलॅजिनसारखे सालीतल्या टॅनिनचे मोठे रेणू आगरमधून सावकाश झिरपतात, त्यामुळे जोरकस अर्कही लहान गोल दाखवतो. खरा कस लागतो तो अर्क दर नळीत निम्मा पातळ करत नेऊन. वाढ रोखणारी शेवटची नळी कोणती, ते पाहायचं.

आणि हा सगळा तोरा बशीतला. पनीर किंवा चिकनमध्ये तोच अर्क घातला की टॅनिन आधी तिथल्या प्रथिनांनाच चिकटतं. मग मात्रा कितीतरी वाढवावी लागते, पदार्थ पिवळट-तपकिरी होतो आणि घास इतका तुरट, की जिवाणूंच्या आधी पाहुणेच उठतील.

उरलेल्या भातात चिमूटभर सालपूड टाकून निर्धास्त होणाऱ्यांनी बॅसिलस सिरियस या जिवाणूचा विचार करावा. त्याचे बीजाणू भात शिजतानाही तगतात, आणि बाहेर राहिलेल्या भातात त्याने सोडलेलं उलटीचं विष परत गरम करूनही जात नाही. सालपूड असो वा नसो, भात पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रिजमध्ये जायला हवा.