अर्धवट सोडलेली पुस्तकं, पाठ झालेल्या कविता

वाचनाची सवय एका दिवसात मोडत नाही. ती हळूहळू विरत जाते, आणि घरातलं कपाट पुस्तकांनी भरलेलं असलं की ते लक्षातही येत नाही. माझे डोळे दिवसभर अक्षरांवरच असायचे: निरोप, बातम्या, कामाचे मेल, कुणाची तरी लांबलचक पोस्ट. पण कादंबरी घेऊन बसलं की दहाव्या पानाच्या आसपास हात आपोआप फोनकडे जायचा. एकेकाळी जेवणाचंही भान न ठेवता वाचणाऱ्या माणसाला हे फार लागतं.

नेहमीचे उपाय करून झाले. वर्षाला अमुक इतकी पुस्तकं असा आकडा ठरवला, तर मी पातळ पुस्तकंच निवडू लागले. रोज ठराविक पानं ठरवली, तर वाचण्यापेक्षा पानं मोजण्याकडेच लक्ष. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं एवढं एक मात्र खरंच उपयोगी पडतं, आणि त्यावर अधिक सांगण्यासारखं काही नाही. ठेवा आणि वाचा.

गाडी रुळावर आली ती ग्रंथालयाचं सभासदत्व घेतल्यावर. तिथे पुस्तकं जास्त असतात हे त्याचं मुख्य कारण नव्हे. विकत घेतलेलं पुस्तक मला सोडवत नाही. पैसे मोजलेत, हौसेने आणलंय, कुणी भेट दिलंय. मग ते रटाळ निघालं तरी उशाशी तसंच पडून राहतं आणि त्याच्यामागे बाकीची सगळी अडतात. उसनं आणलेलं पुस्तक मुळात परत करायचंच असतं. पन्नास पानांत जमलं नाही तर ते काउंटरवर ठेवायचं, दुसरं घ्यायचं, कुणी काही विचारत नाही. सुरुवातीला मी आणलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पुस्तकं अर्धवट परत केली आणि गंमत म्हणजे त्याच काळात माझं वाचन सगळ्यात जास्त वाढलं. परतीची तारीख हा दुसरा फायदा. ‘कधीतरी वाचू’ला तिथे जागाच उरत नाही.

मात्र ग्रंथालय मुक्त प्रवेशाचं हवं, म्हणजे कपाटांमध्ये स्वतः हिंडता येईल असं. आधी मी एका ठिकाणी जात होते तिथे चिठ्ठीवर नाव लिहून द्यावं लागे आणि कर्मचारी आतून पुस्तक आणून देत. नाव माहीत असेल तरच पुस्तक मिळणार! शिवाय कवितेचं कपाट कुलूपबंद आणि किल्ली ज्यांच्याकडे ते नेमके रजेवर. मध्ययुगीन युरोपात पुस्तकं साखळीने फळीला बांधून ठेवत. इंग्लंडमधल्या हेरफर्ड कॅथीड्रलमध्ये असं साखळदंडी ग्रंथालय आजही पाहायला मिळतं. निदान तिथे पुस्तक हाताला तरी लागायचं. शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच असा की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. हे वेगळं सांगावं लागलं, यातच काय ते आलं.

कपाटांत हिंडायचं तर पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे थोडे कळायला हवेत. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूईची दशांश वर्गीकरण पद्धत १८७६ मध्ये अवघ्या ४४ पानांच्या पुस्तिकेतून आली आणि तिच्या सुधारित आवृत्त्या आज जगभर वापरात आहेत. ज्ञानाचे दहा मोठे वर्ग: ५०० विज्ञान, ७०० कला, ८०० साहित्य, ९०० इतिहास-भूगोल. साहित्यात आधी भाषा, मग प्रकार: १ म्हणजे कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध. म्हणून इंग्रजी कविता ८२१ वर आणि मराठी कविता ८९१.४६१ वर. इंग्रजीला अख्खं ८२० आणि मराठी, हिंदी, बंगाली, गुजराती सगळ्या ८९१.४ च्या पुढच्या दशांशांत कोंबलेल्या, हा भेदभाव तिथे उभ्याउभ्या दिसतो. पण त्याच आकड्यांमुळे मला एक कोडं सुटलं. मराठीत अनुवादित झालेल्या रशियन कादंबऱ्या मला कधीच मराठीच्या फळीवर सापडत नव्हत्या. नियमाप्रमाणे अनुवाद मूळ भाषेच्या वर्गात जातो, त्यामुळे त्या ८९१.७३ वर निवांत बसल्या होत्या. सगळी ग्रंथालयं हे काटेकोर पाळत नाहीत, तेव्हा दोन्हीकडे बघावं.

कोणतं पुस्तक घ्यायचं हे ठरवायची माझी एक पद्धत होत गेली. कादंबरी असेल तर सुरुवात वाचत नाही. सुरुवातीवर प्रत्येक लेखक घासून-पुसून मेहनत घेतो. मधलं एखादं पान उघडून संवाद वाचते. तिथली माणसं एकमेकांशी बोलतात की लेखक आपल्याला माहिती पुरवतोय, हे दोन मिनिटांत कळतं. माहितीपर पुस्तक असेल तर थेट शेवटी जाते. सूची आहे का, संदर्भग्रंथ दिलेत का? त्या शेवटच्या पानांतून पुढची चार पुस्तकं मिळतात, त्यांच्या शेवटी आणखी. ‘आता काय वाचू?’ हा प्रश्न त्यानंतर मला पडलाच नाही. यादीतलं एखादं पुस्तक आपल्याकडे नसेल, तर आंतरग्रंथालयीन देवघेव होते का, म्हणजे ते दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देतात का, हे विचारावं. ही सोय बऱ्याच ठिकाणी असते आणि फार कमी लोक ती मागतात.

आणि ग्रंथपालांशी बोलावं. मी एकदा समुद्रप्रवासांवरचा जाडजूड ग्रंथ घेऊन काउंटरवर गेले, तर ते म्हणाले, ‘‘ताई, हा नेताय तर न्या, पण शेजारचं ते पातळ आधी वाचा. मग हा सोपा जाईल.’’ अगदी तसंच झालं. कोणतं पुस्तक खरोखर वाचलं जातं आणि कोणतं तसंच परत येतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

कवितेकडे मी सगळ्यात शेवटी वळले, आणि आता माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. कवितासंग्रह कादंबरीसारखा सलग वाचायला गेलं की दहा-बारा कवितांनंतर सगळ्या एकमेकींत मिसळतात आणि हाती काही लागत नाही. म्हणून संग्रह घरी आणला की मी तो आधी नुसता चाळते. एखादी कविता पाय अडकवते. मग ती मुदत संपेपर्यंत माझ्यासोबत. रोज एकदा मोठ्याने वाचायची, अर्थ लागो न लागो. मनातल्या मनात वाचताना डोळा ओळीवरून सरकून जातो. जिभेला मात्र प्रत्येक अक्षराशी थांबावं लागतं. कुठे श्वास घ्यावासा वाटतो तिथे कवीने काहीतरी केलेलं असतं.

वृत्तबद्ध कवितेसाठी मी लघु-गुरू, म्हणजे अक्षरांची र्‍हस्व-दीर्घ मापं, पुन्हा शिकले. शाळेत ते मार्कांसाठी केलं होतं. ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र तेव्हा नुसतं घोकलं होतं. त्याची गंमत आता कळली. त्यातली कोणतीही सलग तीन अक्षरं घ्या, पहिल्या अक्षराच्या नावाचा गण, म्हणजे तीन अक्षरांचा गट, मिळतो. ‘यमाता’ म्हणजे लघु, गुरू, गुरू: हा य गण. ‘नसल’ तिन्ही लघु: हा न गण. य गण चार वेळा आला की भुजंगप्रयात, बारा अक्षरांचा चरण. पेन्सिलीने वहीत एका चरणावर खुणा केल्या आणि तो मोठ्याने म्हटला, तेव्हा लहानपणापासून कानात असलेली चाल आकड्यांत उभी राहिली. पुढे एका कवितेत एक शब्द जरा ओढूनताणून आलाय असं वाटत होतं. खुणा केल्यावर दिसलं की वृत्तासाठी तिथे र्‍हस्वाचं दीर्घ केलंय. कवीची अडचण दिसली आणि तो कवी मला एकदम जवळचा वाटायला लागला.

मुक्तछंदाला हे माप लागू नाही. त्यासाठी वेगळा खेळ करते. कविता वहीत गद्यासारखी सलग उतरवायची, पुस्तक मिटायचं आणि ओळी आपण तोडून बघायच्या. उदाहरणापुरतं माझंच एक वाक्य घ्या: पाऊस थांबला आणि घर ऐकू यायला लागलं. आता ते असं तोडा:

पाऊस थांबला आणि
घर
ऐकू यायला लागलं

आणि असं:

पाऊस थांबला
आणि घर ऐकू यायला
लागलं

पहिल्यात ‘घर’ एकटं पडतं, क्षणभर रिकामं वाटतं, मग त्याचे आवाज येतात. दुसऱ्यात सगळा भार ‘लागलं’वर जाऊन बसतो आणि तो शब्द तेवढ्या लायकीचा नाही. शब्द तेच. चांगल्या कवीच्या ओळीशी आपली तोडणी ताडून पाहिली की मुक्तछंद म्हणजे गद्याचे तुकडे, असं म्हणायची हिंमत होत नाही. (काही कविता याच कसोटीवर खरोखर गद्याचे तुकडे निघतात. त्या मी निःसंकोच परत करते.)

याच कारणाने कविता मी ई-वाचकावर वाचत नाही. अक्षरं मोठी केली की ओळ मध्येच तुटते आणि कवीने कुठे तोडली होती ते कळेनासं होतं. जाड कादंबऱ्यांना मात्र ते यंत्र उत्तम. स्वामित्वहक्क संपलेली इंग्रजी पुस्तकं मी प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावरून घेते. मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला तो उपक्रम अजून चालू आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली अशीच पुस्तकं ऐकायला मिळतात. आवाज कधी सुरेख, कधी झोप आणणारा. तो बदलून बघायला काही पडत नाही.

पुस्तकं परत जातात, मग आपल्याकडे उरतं काय? मला हा प्रश्न सतावायचा, म्हणून वही सुरू केली. आवडलेला उतारा हाताने उतरवायचा, खाली पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक. अडचण अशी की वही भरत गेली तसं त्यात काही सापडेना. तत्त्वज्ञ जॉन लॉक अशाच वह्या ठेवत असे आणि त्याने त्यांच्या सूचीची आपली पद्धत १६८६ मध्ये छापली होती. विषयाच्या शब्दातलं पहिलं अक्षर आणि त्यानंतर येणारा स्वर, या जोडीप्रमाणे नोंद करायची. त्या जोडीला एक पान द्यायचं, ते भरलं की पुढचं कोरं पान घ्यायचं आणि त्याचा क्रमांक सूचीत वाढवायचा. इंग्रजीत हे थोडं कसरतीचं वाटतं, पण आपल्याकडे व्यंजन आणि स्वर एकाच अक्षरात जोडलेले, त्यामुळे बाराखडीत ते चपखल बसलं. ‘मैत्री’ मै मध्ये, ‘मृत्यू’ मृ मध्ये. वहीच्या सुरुवातीची काही पानं सूचीला ठेवली आहेत. आता एखाद्या विषयावर कोण काय म्हणालं ते शोधायला गेलं की दोन लेखक एकाच पानावर एकमेकांशी भांडताना सापडतात.

आठवड्यातून एकदा आम्ही काही जण कविता वाचायला जमतो. नियम एकच: आधी वाचायची, मग परत वाचायची, आणि कवीच्या चरित्रावर कुणी बोलायचं नाही. हा नियम दर वेळी मोडला जातो. तरी दुसऱ्याच्या आवाजात आपली आवडती कविता ऐकली की आपण भलत्याच ठिकाणी थांबत होतो हे लक्षात येतं, तेवढ्यासाठी तरी जावं.

नाटक वाचणं मला अजून जमलेलं नाही; पात्रांची नावं डोक्यात राहत नाहीत आणि मी सारखी पहिल्या पानावर परत जाते. तत्त्वज्ञानाच्या कपाटाशी ओळख आहे, मैत्री नाही. त्याऐवजी सध्या प्रत्येक फेरीत एक पुस्तक अशा वर्गातून उचलते जिथे मी कधी गेलेली नसते. आत्ता टेबलावर दगडफुलांवरचं आहे. दगडफूल ही एक वनस्पती नसून बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार आहे, हे सिमोन श्वेन्डेनर या शास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात मांडलं, तेव्हा मोठमोठे जाणकार त्याच्यावर तुटून पडले होते. ते भांडण नेमकं कसं मिटलं हे पुढच्या प्रकरणात आहे. मुदत परवा संपतेय, त्यामुळे बहुधा वाढवून घ्यावी लागेल.